बातमीतला दुर्मीळ अंक आणि आपल्या खोक्यातला अंक: ओळख कशी पटवावी

१९३८ साली १० सेंटांना विकल्या गेलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ या अमेरिकी कॉमिक मालिकेच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. अशी बातमी आली की अनेक घरांत माळ्यावरची खोकी खाली उतरतात. त्यांतून जे निघते ते बहुतेक वेळा दुर्मीळ नसते आणि त्यात निराश होण्यासारखेही काही नाही. खरे नुकसान होते ते क्वचित मोलाची वस्तू निघते आणि उत्साहाच्या भरात ती पुसून, चिकटपट्टी लावून किंवा घाईने विकून हातची घालवली जाते तेव्हा. म्हणून किमतीचा विचार शेवटी ठेवावा आणि वस्तू नेमकी कोणती, कोणत्या वर्षाची व कोणत्या छपाईची आहे हे आधी ठरवावे. त्यासाठी लागणारा बराचसा पुरावा वस्तूवरच असतो.

बातमी कशी वाचावी

लिलावाच्या बातमीतला आकडा त्या शीर्षकाचा नसून त्या एका प्रतीचा असतो. वर सांगितलेल्या प्रतीच्या स्थितीला दहापैकी ८.५ अशी श्रेणी होती आणि इतक्या जुन्या अंकाच्या बाबतीत ती फारच वरची मानली जाते. तोच अंक फाटलेल्या, पाने सुटलेल्या अवस्थेत असेल तर त्याची किंमत या रकमेच्या जवळपासही जात नाही. शिवाय जाहीर होणाऱ्या रकमेत लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते अधिमूल्य बहुधा मिळवलेले असते, त्यामुळे विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम बातमीतल्यापेक्षा कमीच असते. ऑनलाइन विक्रीस्थळांवर दिसणाऱ्या किमतींविषयी आणखी सावध राहावे. मागितलेली किंमत ही केवळ विकणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी गाळून पाहता येते आणि तुलना करायची ती फक्त तिच्याशी.

स्वामित्वहक्क संपल्याच्या बातम्याही अलीकडे वरचेवर येतात. मिकी माऊसचे १९२८ सालच्या ‘स्टीमबोट विली’मधले रूप १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत सार्वजनिक झाले. मात्र अशी मुभा हक्क संपलेल्या लघुपटांपुरती आणि त्यांतल्या रूपापुरती असते. ज्यांचे हक्क संपलेले नाहीत अशा नंतरच्या चित्रपटांतले मिकीचे रूप आणि डिस्नेची व्यापारचिन्हे अद्याप संरक्षित आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने या बातमीचा अर्थ एवढाच की त्या कृष्णधवल रूपाची नवी खेळणी व छापील वस्तू यापुढे कोणीही काढू शकेल. तेव्हा जुन्या वळणाची वस्तू दिसली तरी ती जुनी आहे किंवा डिस्नेच्या परवान्याने निघाली आहे असे गृहीत धरू नये.

कॉमिकचा अंक ओळखताना

मुखपृष्ठ सर्वांत आकर्षक असते, पण पुरावा म्हणून ते सर्वांत कच्चे. पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक टाइपात जो मजकूर छापलेला असतो त्यात प्रकाशक, अंकाचा क्रमांक, महिना, वर्ष आणि पुढच्या काळातल्या अंकांत बऱ्याचदा ‘दुसरी छपाई’ असा उल्लेखही मिळतो. भिंग घेऊन आधी तोच मजकूर वाचावा. मुखपृष्ठावरच्या महिन्याने गोंधळून जाऊ नये. अंक शिळा वाटू नये आणि तो मांडणीवरून केव्हा उतरवायचा हे दुकानदाराला कळावे यासाठी अमेरिकी प्रकाशक पुढचा महिना छापत असत. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या त्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे आहे, पण तो विक्रीला आला एप्रिलमध्ये.

पुनर्मुद्रणाचा सर्वांत नामांकित फसवा नमुनाही याच अंकाचा आहे. १९७४ मध्ये डीसी या त्याच्या प्रकाशकाने ‘फेमस फर्स्ट एडिशन’ या मालिकेत हा अंक जाहिरातींसकट जसाच्या तसा छापला आणि त्यावर जाड कागदाचे एक बाहेरचे आवरण घातले. हे आवरण काढून टाकले की आत उरतो तो अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत मूळ अंकासारखाच दिसतो, आणि अनेकांनी तो मूळ समजून विकला किंवा विकत घेतला आहे. फरक कळतो तो मापावरून. ते पुनर्मुद्रण सुमारे १० बाय १३.५ इंचांचे आहे, तर मूळ अंक त्याहून बराच लहान, पावणेआठ बाय साडेदहा इंचांच्या आसपासचा. दहा मिनिटांचे समाधान आणि आयुष्यभराचा पश्चात्ताप यांच्यामध्ये इथे केवळ एक फूटपट्टी उभी असते. सध्याच्या प्रतिकृती आवृत्त्या त्या मानाने प्रामाणिक असतात. मूळ जाहिराती त्यांत जशाच्या तशा असल्या तरी ती प्रतिकृती असल्याचा उल्लेख आणि आजची किंमत छापलेली असते. फक्त ऑनलाइन छायाचित्रात तो मजकूर कधी कधी नेमका कापलेला असतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी अंक दोन वाटांनी विकले जाऊ लागले. वृत्तपत्रांच्या मांडणीवर जाणाऱ्या प्रतींवर बारकोड असे, तर खास कॉमिक्सच्या दुकानांत जाणाऱ्या प्रतींवर त्या जागी छोटे चित्र किंवा रेघ मारलेला बारकोड असे. मांडणीवरच्या न विकलेल्या प्रती दुकानदार परत करत. पुष्कळदा पूर्ण अंक पाठवण्याऐवजी फक्त मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून पाठवली जाई आणि पैसे वळते होत. मुखपृष्ठ नसलेला अंक सापडतो त्यामागे हे एक कारण असते. १९८० च्या दशकानंतरच्या काही अंकांच्या बारकोड असलेल्या चांगल्या प्रती कमी उरल्या आहेत आणि संग्राहक त्यांना जास्त किंमत देतात.

उलट १९९० च्या दशकातल्या पिशवीबंद, चकचकीत मुखपृष्ठांच्या अंकांकडून फार आशा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९१ साली आलेल्या ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या. सुपरमॅनच्या मृत्यूचा १९९२ मधला काळ्या पिशवीतला अंकही लाखोंनी खपला, आणि पुढे मौल्यवान होईल म्हणून हजारो लोकांनी तो न उघडता जपून ठेवला. जी वस्तू सर्वांनीच जपली ती दुर्मीळ होण्याचे कारण उरत नाही. अशी प्रत असेल तर पिशवी फोडून ती खुशाल वाचावी.

अंकाची ओळख पटली की त्याची स्थिती पाहावी. कण्यावरच्या बारीक चिरा, पिनांवरचा गंज आणि मधले जोडपान सुटले आहे का हे पाहून झाल्यावर पाने एकेक करून मोजावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण अनिवार्य आहे. नोव्हेंबर १९७४ असा महिना छापलेल्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१ व्या अंकात वुल्व्हरिन या पात्राचे पहिले पूर्ण दर्शन घडते. त्याच अंकात वाचकांनी कापून वहीत चिकटवावा असा एक स्टॅम्प छापला होता. मुलांनी तो इमानदारीने कापला आणि आज तो तुकडा नसलेल्या प्रतीची किंमत पूर्ण प्रतीपेक्षा खूपच घसरते. मुखपृष्ठ निर्दोष असले तरी आत हे भगदाड असू शकते, म्हणून विकत घेताना त्या पानाचे छायाचित्र मागितलेच पाहिजे. कडा कापून सरळ केल्या आहेत का, उडालेल्या रंगावर शाई फिरवली आहे का, हेही पाहावे. अशा दुरुस्त्या मूल्य वाढवत नाहीत, उलट श्रेणी देणाऱ्या संस्था त्यांची वेगळी नोंद करतात. २००० साली सुरू झालेली सीजीसी ही संस्था अंकाला ०.५ पासून १० पर्यंत श्रेणी देऊन तो कडक प्लास्टिकमध्ये बंद करते, आणि दुरुस्ती झालेल्या अंकांना जांभळी पट्टी लावते. साधारण अंकासाठी हा खर्च मुळीच परवडत नाही.

कार्टूनची मूळ चित्रे

जुन्या कार्टूनपटांसाठी पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर पात्रे रंगवत, त्या तावाला ‘सेल’ म्हणतात. रेषा समोरच्या बाजूने आणि रंग मागच्या बाजूने भरलेला असतो. तावाच्या कडेला खुंट्यांसाठी पाडलेली भोके आणि चित्राचा क्रमांक बहुधा दिसतो. १९६० च्या सुमारापर्यंत डिस्नेकडे रेषा हाताने शाईने गिरवल्या जात. त्यानंतर झेरॉक्सच्या तंत्राने रेखाटन थेट तावावर उतरू लागले, त्यामुळे रेषेचा पोत पाहूनही काळाचा अंदाज येतो.

इथे तारखेचे भान फार उपयोगी पडते. डिस्नेने १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’नंतर आपल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांचे रंगकाम संगणकावर नेले. म्हणजे १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला ‘प्रत्यक्ष चित्रीकरणात वापरलेला सेल’ कोणी विकत असेल तर ते अशक्य आहे. ती विक्रीसाठी नंतर रंगवलेली मर्यादित आवृत्ती किंवा छापील सेरिसेल असणार. सेरिसेल ही बनावट वस्तू नव्हे, परंतु ती चित्रीकरणात वापरलेली नाही आणि किंमत त्यानुसारच द्यावी. प्रत्येक निर्मात्याची ही तारीख निराळी असते. जपानच्या ‘साझाए-सान’ या मालिकेत तर २०१३ पर्यंत सेल वापरले जात होते.

सेल्युलोज ॲसिटेटचा ताव जुना झाला की त्याला व्हिनेगरचा वास येऊ लागतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडत असते. ही प्रक्रिया आपोआप थांबत नाही आणि शेजारच्या तावांनाही ती लागू शकते. असा ताव लगेच वेगळा काढावा, थंड, कोरड्या व हवेशीर जागी आडवा ठेवावा आणि हवाबंद डब्यात कोंडू नये. चौकटीत बसवताना काच रंगाला टेकू देऊ नये.

खेळणी आणि त्यांच्यावरचे साल

खेळण्याच्या पाठीवर किंवा तळव्यावर कोरलेले साल पाहून बहुतेक जण थांबतात आणि तिथेच फसतात. ते साल बहुधा साचा किंवा हक्क नोंदवल्याचे असते, वस्तू बनल्याचे नव्हे. बार्बीच्या कमरेखाली १९६६ असे कोरलेले असते, पण ते त्या शरीररचनेचे साल आहे आणि पुढची कित्येक दशके बनलेल्या बाहुल्यांवरही ते तसेच राहिले. ही-मॅनच्या पाठीवर १९८१ असते, मात्र ती मालिका दुकानांत आली १९८२ मध्ये. १९८४ च्या ट्रान्सफॉर्मर्सपैकी अनेक खेळणी जपानच्या ताकारा कंपनीच्या आधीच्या मालिकांतून घेतलेली असल्यामुळे त्यांच्यावर आणखी जुनी साले सापडतात. त्यांच्या बाबतीत बोट घासल्यावर चिन्ह दिसणारे उष्णतासंवेदी स्टिकर जास्त कामाचे आहे. ते १९८५ पासून लावले जाऊ लागले, त्यामुळे मुळातच त्याची जागा नसलेले खेळणे पहिल्या खेपेतले असू शकते. नेमका काळ ठरवायचा तर कोरलेले साल, बनवलेल्या देशाचे नाव, रंगांतले फरक आणि उपलब्ध असेल तर पुठ्ठ्याच्या मागची चित्रे या सर्वांचा मेळ घालावा लागतो.

सर्वाधिक बनावट होते ती सुट्या भागांत. बाहुली खरी असते, पण तिच्या हातातले शस्त्र किंवा अंगावरचा झगा नंतर केलेला असतो. केनर कंपनीने १९७८ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या बारा बाहुल्या काढल्या. त्यांतल्या जावा या पात्राच्या बाहुलीला आधी प्लास्टिकचा व नंतर कापडी झगा होता. प्लास्टिकच्या झग्याचा जावा अतिशय महाग असल्याने त्याच्या नकला उदंड आहेत.

स्मरणशक्तीवर इथे अजिबात विसंबू नये. पाठीवरून क्षेपणास्त्र सुटणारा ‘स्टार वॉर्स’मधला बोबा फेट लहानपणी आपल्याकडे होता असे शपथेवर सांगणारे लोक भेटतात. केनरने त्याची जाहिरात केली होती हे खरे, पण सुरक्षिततेच्या कारणास्तव तो बाजारात कधीच आला नाही. लोकांच्या हाती पडला तो क्षेपणास्त्र घट्ट बसवलेला. मोजके नमुने तेवढे कंपनीत बनले होते.

साठवण

वर्तमानपत्री कागदात लिग्निन असते. प्रकाश, उष्णता आणि आम्ल यांमुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो आणि गेलेला पांढरेपणा परत येत नाही. अंक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, उभे आणि एकमेकांना आधार मिळेल इतके दाटून ठेवावेत. पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. तापमान विशीच्या आसपास व आर्द्रता ३० ते ५० टक्के राहील अशी आतली खोली माळ्यापेक्षा किंवा तळघरापेक्षा केव्हाही चांगली. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद कागदात मुरतो.

खेळण्यांतल्या बॅटऱ्या आजच काढाव्यात. गळलेल्या अल्कलाइन बॅटरीचा पांढरा थर हातमोजे घालून, व्हिनेगर लावलेल्या बोळ्याने पुसावा आणि जागा पूर्ण कोरडी करावी. बार्बीच्या कानांतले धातूचे दागिनेही काढून ठेवावेत, नाहीतर त्यांतल्या तांब्यामुळे कानाभोवतीचे प्लास्टिक हिरवे पडते. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रकाश वापरून उजळवता येते, पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. दुर्मीळ वस्तूवर हा प्रयोग करू नये.

एवढे झाल्यावर प्रत्येक वस्तूची दोन्ही बाजूंची, बारीक मजकुराची व प्रत्येक दोषाची छायाचित्रे काढावीत. ती कोठून व केव्हा आली याची नोंद ठेवावी आणि मूळ पावती असेल तर तीही वस्तूसोबत, पण तिला चिकटणार नाही अशा वेगळ्या पाकिटात ठेवावी.