इंग्लंडमधील अलॉटमेंट : ऑक्टोबर ते मार्च या काळात समितीने करावयाची कामे

इंग्लंडमध्ये नगरपालिकेकडून किंवा संस्थेकडून अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी राखलेल्या सामाईक जागेतला, तुकडा (प्लॉट) भाड्याने घेऊन मेथी, कोथिंबीर, दुधी पिकवणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काही जण आता त्या जागेच्या व्यवस्थापन समितीवरही काम करतात. हा सल्ला मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पहिल्या कडक दहिवराबरोबर लाल माठ आणि दुधी संपतात, वाफ्यातले काम कमी होते आणि सभासद घरी बसतात. परंतु पाण्याची वाहिनी, रस्ते, कुंपण, खताचा ढीग आणि रिकामे झालेले प्लॉट या सामाईक गोष्टींकडे सर्वाधिक लक्ष देण्याचा काळ हाच असतो, आणि एप्रिलमध्ये उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ शरद ऋतूत राहून गेलेल्या कामांत सापडते.

अनेक ठिकाणी भाड्याचे वर्ष २९ सप्टेंबरच्या मायकेलमस या ख्रिस्ती सणाच्या सुमारास बदलते, त्यामुळे प्लॉट रिकामे होण्याचा मोठा ओघ ऑक्टोबरमध्ये येतो. अशा वेळी ‘आता थंडीत कोण येणार, वसंतात देऊ’ असा विचार करणे महागात पडते. प्रतीक्षायादीतील पुढच्या व्यक्तीला लगेच कळवावे आणि ती येईपर्यंत जमीन उघडी न ठेवता विणलेल्या तणरोधक कापडाने किंवा जाड काळ्या प्लास्टिकने झाकून त्याच्या कडा मातीत दाबून टाकाव्यात. काउच गवत आणि चांदवेल ही चिवट तणे एका हिवाळ्यात मरत नाहीत, तरीही झाकलेली जमीन हाती घेणाऱ्या नवख्या माणसाचा धीर टिकतो. जुने गालिचे मात्र वापरू देऊ नयेत, कारण त्यांचे कृत्रिम धागे सुटून मातीत मिसळतात आणि पुढे ते वेचणे अशक्य होते. पारंपरिक पूर्ण प्लॉट १० पोल (जुने इंग्रजी माप) म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा असतो आणि नोकरी सांभाळून शेती करणाऱ्या नवख्याला तो बहुधा झेपत नाही, म्हणून रिकामा प्लॉट पुन्हा देण्यापूर्वीच त्याचे दोन भाग करणे आमच्या मते अधिक शहाणपणाचे आहे.

प्लॉट सोडणाऱ्याकडून किल्ली परत घेतानाच त्या मातीत कोणते रोग आढळले होते, हे विचारून नोंदवहीत लिहून ठेवावे. कांदा आणि लसणावरील पांढऱ्या कुजीची बुरशी मातीत १५ वर्षांहून अधिक काळ तग धरते, तर कोबीवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी आणणारा क्लबरूट २० वर्षांपर्यंत टिकू शकतो. लसणाच्या पाकळ्या लावण्याचा योग्य काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच असल्याने ही माहिती नव्या सभासदाला लागवडीपूर्वीच मिळायला हवी. मागे राहिलेल्या शेडवर जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्याच्या वापरावर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या शेड अजून अनेक ठिकाणी उभ्या आहेत. असे पत्रे फोडू किंवा कापू नयेत. स्थानिक नगरपालिकेला विचारूनच ते हलवावेत.

पाणी बंद करण्याचे काम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा फार तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावे. त्यापूर्वी एका सकाळी सर्व नळ बंद आहेत आणि टाक्या भरलेल्या आहेत याची खात्री करून मीटर पाहावा. कोणीही पाणी घेत नसताना काटा फिरत असेल, तर गळती जमिनीखाली आहे, आणि ती शोधून दुरुस्त करायला हिवाळ्याइतका सोयीचा काळ नाही. त्यानंतर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्व नळ उघडावेत, वाहिनीच्या सर्वांत खालच्या टोकाची निचऱ्याची तोटी उघडून पाणी पूर्ण जाऊ द्यावे आणि नळ हिवाळाभर उघडेच ठेवावेत. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. वाहिनीत अडकून राहिलेले थोडेसे पाणीही सांधा फोडू शकते आणि हे नुकसान मार्चमध्ये पाणी सोडल्यावरच लक्षात येते. बंद करतानाचे मीटरवाचन तारखेसह लिहून ठेवावे आणि महिन्यातून एकदा पडताळावे. मार्चअखेरीस पाणी पुन्हा सोडताना नळांजवळ माणसे उभी करून व्हॉल्व्ह सावकाश उघडावा, म्हणजे कुठला नळ उघडा राहून प्लॉट बुडाला असे होत नाही.

खताबाबत आम्ही जरा विस्ताराने सांगू इच्छितो, कारण थंडीत जवळच्या तबेल्यातून घोड्यांच्या लिदीचे खत फुकट मिळते आणि फुकट म्हटल्यावर फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. कुरणातील रुंद पानांच्या तणांवर फवारलेले अमिनोपायरॅलिड हे तणनाशक गवतातून जनावराच्या पोटात आणि तिथून खतात जसेच्या तसे उतरते. २००८ मध्ये अशा खतामुळे ब्रिटनभर अनेक अलॉटमेंटवरची पिके वाकडी झाली होती. बटाटा, टोमॅटो आणि शेंगावर्गीय पिके या तणनाशकाला सर्वाधिक बळी पडतात, आणि आपली मेथीही शेंगावर्गीय कुळातलीच आहे. म्हणून तबेलेवाल्याला चारा आणि पेंढा कुठून आला हे विचारावे, प्रत्येक गाडीचा ढीग वेगळा ठेवून त्यावर तारखेची पाटी लावावी आणि खत वाटण्यापूर्वी चाचणी घ्यावी. काही कुंड्यांत ते खत मिसळलेली आणि तितक्याच कुंड्यांत साधी माती भरून दोन्हींत बाकल्याचे (ब्रॉड बीनचे) बी पेरावे आणि कुंड्या घरातल्या खिडकीशी ठेवाव्यात. चारेक आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली पाने वाटीसारखी वळली किंवा शेंडे आखडले, तर तो ढीग कोणालाही देऊ नये आणि कंपोस्टमध्येही मिसळू नये. चांगले ठरलेले खत चिकणमातीवर शरदातच पसरले तरी चालते, पण हलक्या वालुकामय जमिनीत हिवाळी पावसाने त्यातला नायट्रोजन धुऊन जातो, म्हणून तिथे फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावे.

ज्या वाफ्यांत काही पेरलेले नाही, तिथे ऑक्टोबरमध्ये राय (एक तृणधान्य) किंवा विंटर टेअर (एक शेंगावर्गीय वनस्पती) यांचे हिरवळीचे खत घ्यावे. मेथीही इथे हिरवळीच्या खतासाठी विकली जाते, मात्र तिची पेरणी ऑगस्टअखेरपर्यंतच करावी, कारण कडक थंडीत ती टिकत नाही. केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स या कोबीवर्गीय भाज्यांवर कबुतरे तुटून पडतात, जाळी आधीच ताणून ठेवावी. लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) आणि पार्सनिप (गाजरासारखे कंद) जमिनीतच राहू द्यावेत, दहिवराने त्यांची गोडी वाढते.

दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची, शेकोट्या पेटवण्याची बॉनफायर नाइट जवळपास एकत्रच येतात आणि प्लॉटवर पालापाचोळा जाळण्याचा मोह होतो. समितीच्या नियमात परवानगी असली, तरी बरेच दिवस रचून ठेवलेला ढीग पेटवण्याआधी दुसऱ्या जागी हलवावा, कारण त्यात साळूसारखा काटेरी हेजहॉग झोपलेला असू शकतो. पानांचे तर जाळण्याऐवजी पानकुजीचे खत करावे.

कोंबड्या पाळणाऱ्या सभासदांना एक सूचना लेखी द्यावी : १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच पक्षी असला तरी त्याची सरकारदरबारी नोंदणी बंधनकारक आहे, आणि बर्ड फ्लूच्या काळात पक्षी आत ठेवण्याचे आदेश निघू शकतात.

श्रमदान सकाळी ठेवावे. डिसेंबरमध्ये लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो. ओल्या गवती रस्त्यांवर वाहने आणू देऊ नयेत. सफरचंद आणि नाशपतीची छाटणी याच काळात करावी, मात्र प्लम आणि चेरी यांना सिल्व्हर लीफ रोगाच्या भीतीने हिवाळ्यात कात्री लावू नये. सामाईक कुंपणाची छाटणी फेब्रुवारीअखेर संपवावी. मार्चपासून ऑगस्टपर्यंत पक्ष्यांची वीण चालते आणि वापरात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे छाटणीची तारीख ऑक्टोबरच्या बैठकीतच ठरवून सूचनाफलकावर लावावी.