जुन्या जीपमध्ये चावीचा करंट कुठून घ्यायचा

जुनी जीप हौसेनं उभी केली की मागोमाग मोबाइलचा चार्जर येतो, पुढचे दोन जादा दिवे येतात, डॅशकॅम येतो. मागणी सगळ्यांची एकच: चावी फिरवली की चालू आणि चावी काढली की बंद. माझं कराडला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पाटण, कोयनानगर, ढेबेवाडीकडच्या जीप माझ्याकडे येतात. बहुतेक महिंद्राच्या, म्हणजे सीजे, एमएम 540, कमांडर, मेजर. त्यात आधीच कुणीतरी जोडलेलं सोडवण्यातच माझा अर्धा दिवस जातो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्याला टेस्ट लॅम्प धरता येतो त्याला हे काम घरी जमतं.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. चावीच्या वायरीकडून फक्त इशारा घ्यायचा, ओझं बॅटरीवर टाकायचं. चावीचा स्विच जुना, त्याच्या मागची वायर त्याहून जुनी, आतली तांब्याची पट्टी काळी पडलेली. तिच्यावरून दिव्यांचा करंट ओढलात तर स्विच तापतो आणि एक दिवस गाडी स्टार्टच होत नाही.

हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. गाडी किती व्होल्टची आणि अर्थ कुठला, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय. विलीज या अमेरिकन कंपनीच्या सुरुवातीच्या जीप 6 व्होल्टच्या होत्या आणि लष्करी एम 38 ही 24 व्होल्टची. आपल्याकडच्या बहुतेक जीप आज 12 व्होल्टवर आहेत, तरी लिलावातून आलेली किंवा जुनी पेट्रोल गाडी असेल तर बॅटरीवर मीटर लावूनच खात्री करा. दुसरं म्हणजे, जुन्या ब्रिटिश गाड्यांत, लँड रोव्हरमध्येसुद्धा, पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली सापडते. अशा गाडीत आजचा यूएसबी चार्जर नेहमीसारखा जोडला तर तो जागीच जळतो.

हत्यारं फार लागत नाहीत. एक मल्टीमीटर, आणि दोन टेस्ट लॅम्प: एक पार्किंगच्या 5 वॉटच्या बल्बचा, दुसरा इंडिकेटरच्या 21 वॉटच्या बल्बचा. होल्डर, दोन वायरी, एका टोकाला मगरक्लिप, दुसऱ्याला अणकुचीदार सुई. मीटर असताना बल्ब कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल, टर्मिनलवर हिरवा गंज चढला असेल, तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथं त्या वायरीचा खरा दम कळतो. बल्ब लालसर, मेलेला पेटला तर ती वायर कामाची नाही.

आता शोधायला लागा. मगरक्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. बॉडीला नको, कारण गंजलेल्या बॉडीचा अर्थ तुम्हाला फसवेल. चावीच्या स्विचच्या मागं सहसा तीन-चार टर्मिनल असतात. एकावर बॅटरीचा कायमचा करंट, एक इग्निशनचं, एक स्टार्टरचं, आणि असलंच तर एक अ‍ॅक्सेसरीचं. जुन्या जीपना अ‍ॅक्सेसरीची खाच पुष्कळदा नसतेच. ज्या स्विचवर जर्मन पद्धतीचे आकडे कोरलेले असतात, तिथं 30 म्हणजे कायमचा, 15 म्हणजे चावीचा, 50 म्हणजे स्टार्टरचा. सुई एकेका टर्मिनलवर टेकवा आणि चावी सावकाश एकेका खाचेत फिरवा. आपल्याला जी वायर हवी ती चावी बंद असताना पूर्ण मेलेली, इग्निशनला पूर्ण उजेड देणारी, आणि चावी परत मागं आणली की लगेच विझणारी असली पाहिजे.

यात स्टार्टर मारताना काय होतं तेही बघाच. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बल्बवर नजर ठेवा. अ‍ॅक्सेसरीची वायर असेल तर बल्ब त्या वेळी बहुधा विझतो, इग्निशनची असेल तर मंद होऊन टिकतो. चार्जर आणि दिव्यांना विझलेलं चालतं, उलट बरंच, कारण सगळी ताकद सेल्फला मिळते. डॅशकॅम मात्र दर वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होईल.

स्विचच्या पाठीमागं टर्मिनल ओढत बसण्यापेक्षा फ्यूज बॉक्समधूनच वायर घेणं केव्हाही चांगलं. प्रत्येक फ्यूजच्या दोन्ही टोकांना चावी बंद आणि चालू ठेवून सुई लावा. चावीवर जिवंत होणारा फ्यूज सापडला की तो काढा. जे टोक आता मेलं, ती गाडीकडची बाजू. आपली वायर तिथं घ्यायची, म्हणजे ती फ्यूजच्या संरक्षणाखाली येते. जुन्या जीपमधले टोकदार, पट्टीवाले फ्यूज रंगावरून ओळखता येतात: पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा, निळा 25 चा. पट्टीच्या जागी वायरीचा तुकडा गुंडाळलेला सापडला तर आधी तो काढा, मग पुढचं बोलू. वायरींच्या रंगांवर तर अजिबात विसंबू नका. इतक्या वर्षांत त्या गाडीची वायरिंग कितीतरी हातांनी बदललेली असते. मूळ वायरिंग असलेली लँड रोव्हर मिळाली तर लुकास या ब्रिटिश इलेक्ट्रिक कंपनीचे रंग उपयोगी पडतात: तपकिरी कायमची, पांढरी चावीची पण फ्यूजच्या आधीची, हिरवी चावीची फ्यूजनंतरची, काळी अर्थची.

कुठून घ्यायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं.

डिझेल जीपच्या पंपावर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड (करंट असेपर्यंतच डिझेल सोडणारा विजेचा खटका) असेल, तर त्याच्या वायरीला आणि त्याच्या फ्यूजला हात लावू नका. ती वायर हाताशी असते, चावीवर झकास पेटते, म्हणून सगळ्यांना मोह होतो. एक जीप माझ्याकडे कुंभार्ली घाटातून ओढून आणली होती. जादा हॉर्नची वायर तिथूनच घेतली होती. ती रेडिएटरच्या पट्टीवर घासून शॉर्ट झाली, फ्यूज उडाला, सोलेनॉइडचा करंट गेला आणि भर पावसात, चढावर इंजिन बंद. मागं मालाचा ट्रक होता. हॉर्नसारख्या किरकोळ गोष्टीनं इंजिन बंद पडावं अशी जोडणी कधीच करायची नाही. पेट्रोल जीपमध्ये हेच ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलला लागू. तिथं तर रेझिस्टर असेल तर त्याच्या पुढं पूर्ण 12 व्होल्टही मिळत नाहीत.

वायपरची वायरही नको. एक काका चार्जर घेऊन आले, म्हणाले, पावसात मोबाइल चार्ज होतो, उन्हात होत नाही. वायर वायपरच्या स्विचनंतरची होती. मीटरच्या काट्यांची वायर घेताना नीट बघा. काही गाड्यांत डिझेलच्या आणि तापमानाच्या काट्यांसाठी व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी डबी असते. तिच्या पुढच्या वायरीवर बल्ब लुकलुकतो, कारण ती डबी करंट चालू-बंद करूनच सरासरी राखते. तिथं भार टाकला की काटे खोटं बोलायला लागतात. इंडिकेटरच्या फ्लॅशरनंतरची वायर आणि चार्जिंगच्या लाल दिव्याची वायरही सोडा. त्या दिव्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, जागं करतो.

वायर मिळाली की रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. भार काढायला वॉट भागिले व्होल्ट. 55 वॉटचे दोन दिवे म्हणजे 110 वॉट, भागिले 12, नऊ अँपिअरच्या वर. रिलेच्या कॉइलला मात्र 150 मिलिअँपिअरच्या आसपास पुरतो. एवढंच ओझं आपण चावीवर टाकतोय. रिलेवर आकडे कोरलेले असतात. 30 ला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर, 87 वरून दिव्यांना, 86 ला चावीची वायर डॅशबोर्डच्या स्विचमधून, 85 अर्थला. पाच पायांच्या रिलेत मधला 87 ए मोकळा ठेवा, तो उलटा चालतो, म्हणजे रिले बंद असताना करंट देतो. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. त्याच्या आधीच्या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नाही असंच समजायचं, तो जितका लहान तितका बरा. अशा दिव्यांना 15 अँपिअरचा फ्यूज आणि 2.5 चौरस मिलिमीटरची गाडीची वायर पुरते. रिलेच्या कॉइलच्या वायरीलाही 2-3 अँपिअरचा वेगळा फ्यूज लावा. घराच्या फिटिंगची वायर वापरू नका. तिची कातडी इंजिनच्या उष्णतेत कडक होते, तेलानं फुगते. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) पक्कडीनं नीट दाबा, वर स्लीव्ह चढवा, पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं कडं, घाला.

तीन-चार वस्तू लावायच्या असतील तर 87 वरून एका छोट्या फ्यूज बॉक्सला करंट द्या. चावीच्या वायरीला एकदाच हात लागतो आणि पुढं हवं ते जोडत जाता येतं.

डॅशवर अँपिअर मीटर असलेल्या जीपवाल्यांनी हे लक्षात ठेवा. दिव्यांचा करंट बॅटरीच्या खांबावरून घेतला तर अल्टरनेटरकडून येणारा तो करंट मीटरमधून 'बॅटरीकडे' जाताना दिसतो. म्हणून दिवे लावले की काटा चार्जिंगकडे सरकतो. गाडी बिघडलेली नाही, बॅटरी जास्त भरतही नाही. मीटरच्या अल्टरनेटरकडच्या बाजूनं घेतला तर काटा खरं दाखवतो, पण इंजिन बंद असताना तोच सगळा करंट उलटा त्या मीटरमधून जातो. मोठ्या दिव्यांसाठी मी बॅटरीच धरतो. विंचसाठी (अडकलेली गाडी ओढायच्या विजेच्या रहाटासाठी) तर दुसरा विचारच नाही.

ओढायच्या नॉबनं इंजिन बंद होणाऱ्या जुन्या डिझेल जीपमध्ये आणखी एक गोष्ट असते. तिथं इंजिनचा आणि चावीचा संबंधच नाही. नॉब ओढला, इंजिन बंद, माणूस उतरून गेला, चावी तशीच चालू. तुमचा चावीचा करंट रात्रभर चालू राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. म्हणून अशा गाडीत चार्जिंगचा लाल दिवा चालता ठेवा. इंजिन बंद आणि चावी चालू असली की तो पेटतो, तोच तुमचा पहारेकरी. बल्ब गेला असेल तर हे काम सुरू करण्याआधी तो बदला.

अर्थ नेहमी वेगळा ओढा. दिव्याच्या बोल्टवर भरवसा ठेवू नका. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून चेसिसवर पक्का करा, किंवा सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला आणा.

सगळं झालं की इंजिन चालू करा, दिवे लावा, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं दिव्याच्या पॉझिटिव्हवर ठेवा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर जोडणी चांगली. जास्त दिसलं तर मधला प्रत्येक सांधा तसाच तपासा, चोर सापडतो. मग इंजिन, चावी, सगळं बंद करा. निगेटिव्हचा क्लॅम्प काढा आणि मीटर अँपिअरवर लावून तो खांब आणि क्लॅम्पच्या मधे धरा. त्या वेळी चावीला हात लावू नका, सेल्फ मारला तर मीटर जाईल. या जीपला कॉम्प्युटर नाही, घड्याळ नाही. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आला नाही तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यावर आकडा पडेल तिथली जोडणी पुन्हा उघडा.