इंग्रजी शब्द डोक्यात टिकवायचे कसे: माझा अनुभव

आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम (आयपीएम) २०११ पासून आहे आणि त्याच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीला चांगलंच वजन आहे. तिची तयारी करताना माझी अडचण एकच होती: पाठ केलेले शब्द आठवड्याभरात साफ पुसले जायचे.

उपाय सापडला लाइटनर पद्धतीत, म्हणजे शब्दांची कार्डं खोक्यांत वाटून उजळणी करण्यात. इंदूरच्या खजुरी बाजारातून जाड कागद आणून पत्त्यांएवढी कार्डं कापली आणि चपलांची रिकामी खोकी घेतली. पहिल्या खोक्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, अडलं की थेट पहिल्यात. अडणारे शब्दच सारखे समोर येतात, येणाऱ्यांवर वेळ जात नाही.

कार्डाच्या मागे नुसता अर्थ लिहू नका, घरातलं वाक्य लिहा. ‘गॅर्युलस’ (बडबड्या) या शब्दाच्या मागे मी लिहिलं, ‘मावशी भाजीवालीशीही तासभर बोलते.’ तो शब्द पक्का बसला. ‘बेने’ म्हणजे चांगलं, ‘मॅल’ म्हणजे वाईट, ही लॅटिन मुळं कळली की बेनेव्होलंट (भलं चिंतणारा), मॅलेव्होलंट (वाईट चिंतणारा) जोडीनेच लक्षात राहतात.

संध्याकाळी आजी कार्डं घेऊन बसायची. ती मराठी वाक्य वाचणार, मी शब्द सांगणार. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून उच्चार देवनागरीतच कोपऱ्यात लिहून ठेवले होते.