गाण्याचा लिरिक व्हिडिओ मोबाईलवर बनवताय? मग आधी अक्षर सांभाळा

आमच्या विदर्भात आता भजन मंडळवाले, पोळ्यात झडत्या म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी म्हणणारे पोट्टे, पूर्वेकडच्या झाडीपट्टीतले नाटकवाले, सगळेच आपलं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करतात अन् मग म्हणतात भाऊ याचा लिरिक व्हिडिओ, म्हणजे गाण्यासोबत स्क्रीनवर शब्द येतात तो, करून दे. मी हे काम करत असतो म्हणून जे हाती लागलं ते सांगतो. मागे ड्रोनचं शूट कितीही भारी असू द्या, शब्द वाचता आला नाही तर माणूस सोबत गुणगुणत नाही, आणि गुणगुणणारच नसेल तर शब्द टाकले कशाला?

फॉन्ट घेतला की पहिले एकच शब्द टाईप करून पाहा, पऱ्हाटी. कपाशीचं झाड, आपल्या वावरातलाच शब्द आहे, पण अर्ध्या व्हिडिओंमध्ये तो 'पर्हाटी' असा दिसतो, ह च्या डोक्यावर रफार चढलेला. वाचणारा तिथेच अडखळतो. कीबोर्डवर साधा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग ह. वाऱ्यावर, दऱ्या, सगळ्यांना हेच लागू. एवढं करूनही फॉन्टनं तो नीट दाखवला नाही तर फॉन्ट बदला. मुक्त आणि बलू हे दोन मी जास्त वापरतो, दोन्ही 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. मुक्तमध्ये बारीकपासून जाडपर्यंत ७ वजनं आहेत, म्हणजे धृपद जाड आणि कडवं मध्यम असं एकाच फॉन्टमध्ये भागतं. एका व्हिडिओत चार-चार फॉन्ट नका घालू, लग्नाच्या बॅनरसारखं दिसतं. अलाइट मोशन या व्हिडिओ बनवायच्या ॲपमध्ये बाहेरचा फॉन्ट टाकता येतो. आणि गाण्याचे शब्द डीटीपीवाल्याकडून कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आले असतील तर ॲपमध्ये ते इंग्रजी अक्षरांचा काला दिसतील, आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या आणि ओळ न् ओळ तपासा, कारण कन्व्हर्ट होताना वेलांट्या अन् रफार हमखास हलतात.

आता ॲनिमेशन. सगळ्यात जास्त व्हिडिओ इथेच बिघडतात. ॲपमधले तयार इफेक्ट बहुतेक इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, एकेक अक्षर वरून टपकतं. इंग्रजीत ते चालतं, मराठीत 'स्वप्नात' टपकवला की कधी हलन्त वेगळा पडतो, कधी काना मागून येतो, कधी गोल टिपक्यांचं वर्तुळ दिसतं. मी एका भजनाला असंच केलं होतं, हौसेनं, दोन रात्री बसून. मंडळातल्या एका बुवांनी देवळाच्या ओट्यावर मोबाईल हातभर लांब धरून पाहिलं अन् म्हणाले, "बाप्पा, गाणं तं मले पाठ हाय, पण हे काय लिहून रायलं ते समजून नाई रायलं." तेव्हापासून मी अक्षर तोडत नाही, पूर्ण शब्द हलवतो. शब्द हळूच उजळतो किंवा खालून थोडा वर सरकतो, बस. शब्दागणिक वेगळा लेयर करायला वेळ लागतो पण दुसरा रस्ता नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते अन् शब्दाचे तुकडे पडतात. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, फॉन्टच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. जाड आउटलाइनही टाळा, बऱ्याच ॲपमध्ये ती काना आणि शिरोरेषेच्या जोडावर आतून दिसते. त्यापेक्षा मऊ सावली द्या.

बॅकग्राउंडचं एक सांगतो. कापूस फुटलेल्या वावराचं शूट होतं, दिसायला इतकं सुंदर की मी त्यावर पांढरे शब्द ठेवले, आणि कापसात शब्द गेले, अर्धी ओळ दिसेचना. शूट तेच ठेवलं, वर काळा लेयर ४०-५० टक्के टाकला, शब्द मलईच्या रंगाचे केले, झालं काम. आपल्या काळ्या मातीचा रंग मागे आणि पिवळट पांढरे शब्द पुढे ही जोडी तर कधीच फसत नाही. पळसाचा केशरी फक्त गायक म्हणतोय त्या शब्दापुरता ठेवा. गडद लाल बारीक अक्षर काळ्यावर नका टाकू, व्हिडिओ कॉम्प्रेस होताना, म्हणजे फाईल लहान करताना, उजेडाची माहिती जवळपास पूर्ण राहते पण रंगाची बरीच कापली जाते, म्हणून लाल अक्षराच्या कडा फुटतात. आणि ढोलकीच्या तालावर स्क्रीन लुकलुकवू नका, सेकंदाला ३ पेक्षा जास्त झगमग काही लोकांना फिट आणू शकते.

शब्द आवाजाच्या किंचित आधी यायला पाहिजे. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ४-५ फ्रेम आधी, म्हणजे साधारण ०.२ सेकंद, कारण म्हणणाऱ्याला वाचून तोंड उघडायचं असतं. एकावेळी दोनच ओळी, आणि ओळ तोडायची ती गायक श्वास घेतो तिथे, जागा संपली म्हणून नाही. खंजिरीवरचं भजन असेल अन् धृपद परत परत येत असेल तर दर वेळी ते त्याच जागी, त्याच रंगात येऊ द्या, लोक ओळखून धरतात. यूट्यूबसाठी १९२० बाय १०८०, शॉर्ट्स-रील्ससाठी उभं १०८० बाय १९२०, अन् उभ्यात खालचा पट्टा आणि उजवी बाजू मोकळी सोडा, तिथे बटणं अन् नाव येतं.

वऱ्हाडी गाणं असेल तर कीबोर्डचं ऑटोकरेक्ट बंदच करा. तुम्ही 'माह्या' लिहाल, तो 'माझ्या' करून ठेवेल. गायक 'डोया' म्हणतो अन् स्क्रीनवर 'डोळा' दिसतो, मग आपलं गाणं आपलं वाटत नाही. जसं गायलं तसंच लिहा, अन् एकदा लिहिलं ते शेवटपर्यंत तसंच, पहिल्या कडव्यात 'हाय' आणि तिसऱ्यात 'आहे' नको.

एक्सपोर्ट झाल्यावर उन्हात जाऊन मोबाईलचा आवाज बंद करा आणि ज्यानं गाणं ऐकलं नाही अशा माणसाला वाचायला द्या. तो जिथे थांबेल ती ओळ परत करायची. गीत, संगीत, गायन, खंजिरी, हार्मोनियम, सगळ्यांची नावं सुरुवातीलाच ५-६ सेकंद ठेवा, आणि ती कशी लिहायची ते ज्याचं नाव त्यालाच फोन करून विचारा.