सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतलीय? पहिल्या वर्षी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

गाडी दारात आली की तिसऱ्या दिवशी माणूस एक्झॉस्ट आणि अलॉय बघायला लागतो. मीपण तेच केलं, आणि एक्झॉस्ट बसवून महिना झाला नाही तोच रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटली, गाडी रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभी आणि तो नवाकोरा एक्झॉस्ट बंद गाडीला लटकलेला. त्या टाकीचा काळा रंग जाऊन तपकिरी-हिरवट झालाय हे मी घेतानाच बघितलं होतं, फक्त त्याचा अर्थ प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालंय असा होतो हे माहीत नव्हतं. तेव्हापासून माझा हट्ट असा की आधीच्या मालकाने काय केलंय आणि काय टाळलंय ते कळेपर्यंत पॉवर वाढवायची नाही. पहिलं वर्ष गाडी कंपनीने बनवली तशी करण्यात घालवायचं. ऐकायला बोअर आहे, पण बऱ्याच जणांनी ओरिजिनल गाडी नीट कधी चालवलेलीच नसते, दमलेल्या शॉकअब्सॉर्बरची गाडी चालवून म्हणतात हँडलिंग मऊ आहे, लोअरिंग स्प्रिंग टाकूया.

सुरुवात स्कॅनरपासून करा. स्वस्तातला ओबीडी स्कॅनरपण (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) चालतो. फॉल्ट कोड नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर नावाचं पान असतं (गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्यात ते दाखवणारं), ते उघडा. सगळे मॉनिटर 'अपूर्ण' दिसत असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय, आणि गाडी विकायच्या आदल्या दिवशी कोड का पुसतात ते तुम्हाला सांगायला नको. थोडे दिवस चालवा, मग परत बघा. सोबत चासी नंबर टाकून रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) राहिलाय का ते तपासा, कारण रिकॉल गाडी नवी असतानाच येतात असं काही नाही. २०१२-१३ च्या टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल २०१८ मध्ये आला, तोवर कित्येक गाड्यांचा मालक बदलला असणार.

मग तुमच्या मॉडेलचा ठरलेला आजार कोणता ते शोधा, प्रत्येक स्पोर्ट्स कारला एक तरी असतोच. १९९७ ते २००८ मधल्या पोर्शे बॉक्स्टर आणि ९११ मध्ये (टर्बो आणि जीटी३ सोडून) आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग) भीती, म्हणून तिथे ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकायचा नाही, कापून त्यात धातूचा चुरा दिसतो का बघायचं. बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला धरतो तिथला पत्रा चिरतो, शिवाय इंजिनातले रॉड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचे) झिजतात. होंडा एस२००० ने थोडं ऑइल खाल्लं तर घाबरू नका पण डिपस्टिक बघत राहा, ९००० आरपीएमपर्यंत जाणाऱ्या इंजिनाला कमी ऑइल परवडत नाही. जुन्या माझदा एमएक्स-५ मध्ये कापडी छताचं पाणी निघायची भोकं कचऱ्याने तुंबतात, ते पाणी मग दाराखालच्या पत्र्यात साचून आतून गंज येतो, आणि बाहेरून रंग फुगला की समजायचं आत काही उरलेलं नाही. भोकं साफ ठेवणं हे पाच मिनिटांचं फुकट काम आहे.

माझदा आरएक्स-८ चं प्रकरण वेगळंच. रोटरी इंजिनात सील ओले राहावेत म्हणून मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतात, म्हणजे ते जळणारच, त्यामुळे दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक काढायची. थंड इंजिन चालू करून गाडी दोन फूट सरकवून लगेच बंद करायची नाही, आत पेट्रोल साचून पुढच्या वेळी चालूच होत नाही. आणि कॉम्प्रेशन तपासायला रोटरीचा खास टेस्टरच लागतो, साध्या पिस्टनवाल्या गेजने काही कळत नाही.

आता ऑइल आणि फ्लुइड. आधीचा मालक "सगळं बदललंय" म्हणाला तरी बिल दाखवलं नसेल तर बदललेलं नाही असंच धरा. इंजिन ऑइलची ग्रेड मॅन्युअलमध्ये बघायची, मित्राच्या गाडीत नाही (त्याच ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० लागतं, ते दुसऱ्या साध्या इंजिनात ओतलं तर उगाच जड पडेल). कूलंट रंगावरून ओळखू नका, हिरवा-गुलाबी रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा, आणि आधी काय भरलंय माहीत नसेल तर पूर्ण फ्लश करून एकच प्रकार भरा.

ब्रेक फ्लुइडवर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण लोक पेंटेड कॅलिपरवर खर्च करतात आणि आत काळं पडलेलं फ्लुइड तसंच ठेवतात. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत मानक फक्त १५५ ची हमी मागतं, म्हणजे घाटातून सारखा ब्रेक दाबत उतरलात की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. दोन वर्षांनी बदलायचंच. डॉट ५.१ चालेल, पण नुसतं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही, नावं सारखी म्हणून लोक हमखास फसतात. बऱ्याच गाड्यांत क्लचपण याच टाकीतलं फ्लुइड वापरतो, त्याचंही ब्लीडिंग (जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढणं) उरकून घ्या. आणि रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट उघडतोय का बघा, मगच खालचा ड्रेन सोडा. उलट केलंत आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर गिअरबॉक्स रिकामा, गाडी जॅक स्टँडवर आणि तुम्ही हातात पाना घेऊन बसलेले. बऱ्याच जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लागतं आणि मागच्या डिफरन्शियलला जीएल-५. महाग म्हणजे चांगलं असं समजून दोन्हीकडे जीएल-५ ओतू नका, सिंक्रोच्या (गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगला पकडायला थोडं घर्षण लागतं, ते नाही मिळालं की दुसरा गिअर खरखरायला लागतो आणि आपण म्हणतो गिअरबॉक्स गेला. लिमिटेड स्लिप डिफ (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल) असेल तर त्याचं ऑइलही वेगळं, मॅन्युअल बघा.

जुन्या गाडीचा खरा शत्रू किलोमीटर नाही, वय. कमी चाललेली गाडी म्हणून लोक उड्या मारतात, पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायमिंग बेल्टला किलोमीटरसोबत वर्षांचीही मुदत असते, आणि इंटरफिअरन्स इंजिन असेल तर बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात, मग हेड उतरवायचंच काम. बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर बदलून टाका, सोबत वॉटर पंप आणि टेन्शनरही, तेवढंच सगळं परत उघडायला नको. व्हॅक्यूमचे बारीक पाइप आणि कूलंटचे होज दाबून बघा, कडक किंवा लिबलिबीत दोन्ही वाईट.

टायरच्या बाजूवर इंग्रजीत DOT लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा-सात वर्षं जुना टायर स्पोर्ट्स कारवर मला नको, आणि दहा वर्षांचा तर कोणत्याच गाडीवर नको. स्टिकी रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर गाडी अशी फिरते की तुम्हाला वाटतं आपल्यालाच चालवता येत नाही.

सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी नळकांडे) बदलणार असाल तर एक गोष्ट बरेच मेकॅनिकपण चुकवतात. रबरी बुशचा बोल्ट चाक हवेत लटकलेलं असताना फायनल टाइट करायचा नाही. तसा केला तर गाडी खाली ठेवल्याक्षणी रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं, मग काही महिन्यांत फाटतं. बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग टॉर्क रेंच. नवे बुश लवकर गेले म्हणून रडणाऱ्यांपैकी निम्म्यांचं कारण हेच असेल असा मला दाट संशय आहे.

घरी काम करणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा नाही. जॅक स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मग आत जा. गाडी इतकी खाली असते की जॅकच आत जात नाही, तेव्हा आधी चाकं जाड लाकडी फळ्यांवर चढवून घ्यायची. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी निम्मी लढाई झालेली असते. चाकाचे नट टॉर्क रेंचने, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर एकदा परत.

चालवायची सवयही बदला. टेंपरेचरचा काटा मध्ये आला म्हणजे कूलंट गरम झालं, ऑइल नाही, त्याला अजून बराच वेळ लागतो, तोवर अर्ध्या आरपीएमच्या वर जायचं नाही. पण गरम झाल्यावर मात्र जरूर फिरवा, या गाड्या सतत दोन हजारावर रांगायला बनवलेल्या नाहीत, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं) असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन तसाही साचतोच. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर लावा आणि टायरमध्ये हवा नीट ठेवा.

एवढं करून वर्ष गेलं, आता खाज भागवूया. माझा क्रम: टायर, ब्रेक पॅड, अलाइनमेंट, शॉकअब्सॉर्बर, आणि पॉवर सगळ्यात शेवटी. चांगले टायर टाकल्यावर गाडी जेवढी बदलते तेवढी दुसऱ्या कशाने बदलत नाही. पॅड रस्त्यासाठीचेच घ्या, रेसिंगवाले पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि सकाळच्या पहिल्याच सिग्नलला घाम फुटतो. नवे पॅड बसवून रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा जोरात वेग कमी करा पण पूर्ण थांबू नका, नाहीतर गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि नंतर ब्रेक थरथरतो. अलाइनमेंटला कोणी मॉड (गाडीतला बदल) म्हणत नाही, फोटोत दिसत नाही ना, पण टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत) आणि कॅम्बर (चाक उभ्यातून किती कललंय) नीट सेट झाले की स्टिअरिंग जागं होतं.

खाली करायचीय? करा, पण दोन-तीन सेंटीमीटरच्या पुढे विचार करून. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) असेल आणि गाडी फार खाली आणली तर लोअर आर्म उलट्या बाजूला झुकतो, मग वळणात गाडी कलली की कॅम्बर सुधारायच्या ऐवजी बिघडतो, म्हणजे दिसायला रेस कार आणि वळणात ओरिजिनलपेक्षा वाईट. स्प्रिंग कापून खाली करणाऱ्यांना काय सांगायचं, सोडा. चाकं बदलताना पीसीडी (बोल्टांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला म्हणजे झालं असं नाही, ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं), मधल्या भोकाचा व्यास आणि नट बसायचं तोंड कोनासारखं आहे की गोल, हे तिन्ही बघा. आणि जड मोठं चाक घेऊ नका, त्याचं वजन सस्पेन्शनच्या खाली असतं, गाडी खड्ड्याखड्ड्याला सांगते.

उघड्या फिल्टरचा इनटेक बॉनेटखाली बसवला की बहुतेक वेळा इंजिनाची गरम हवाच ओढतो, आवाज येतो आणि पॉवर आली असं वाटतं. ऑइल लावायच्या फिल्टरला जास्त ऑइल झालं तर मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) घाण होतो. नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) इंजिनावर एक्झॉस्टने पॉवर फार मिळत नाही, आवाजासाठी घ्यायचा तर घ्या, पण हायवेच्या आरपीएमला घुमतो का ते आधी दुसऱ्याच्या गाडीत बसून ऐका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही, बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे आणि वास तुम्हालाच येतो. टर्बो गाडीत रिमॅपने (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून) खरंच भरपूर मिळतं, म्हणूनच आधी क्लच तपासा: वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच आत्ताच सुटतोय, वाढीव टॉर्क कुठून पेलणार. ऑक्टेन ठरवूनच ट्यून करा आणि तेच पेट्रोल भरा. रोल बारशिवाय (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइपचा सांगाडा) चार पट्ट्यांचा हार्नेस लावू नका, गाडी उलटली तर तो तुम्हाला सरळ बसवून ठेवतो आणि छत खाली येतं. इन्शुरन्सवाल्यांना मॉड कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच आठवण करून देतील.

काढलेला प्रत्येक ओरिजिनल पार्ट ठेवून द्या, त्याचे बोल्ट त्याच पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव आणि तारीख. माझ्या माळ्यावर एक पिशवी आहे तिच्यावर नुसतं "महत्त्वाचे" लिहिलंय, आत सात बोल्ट, आणि ते कुठले हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.