रिक्रूट मुलाच्या प्रशिक्षणाचा आठवड्यांनुसार माग ठेवा

मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये रुजू झाला, की घरच्या कॅलेंडरवर रुजू झाल्याच्या तारखेपासून आठवडे मोजून ठेवावेत. कारण इन्फंट्रीचे प्रशिक्षण साधारण 31 आठवड्यांचे असून त्यांपैकी पहिले 10 मूलभूत लष्करी प्रशिक्षणाचे असतात. मोबाइल वापरण्यावर निर्बंध असल्यामुळे फोन क्वचित आणि थोडाच वेळ येतो, म्हणून काय विचारायचे ते आधीच ठरवून ठेवावे.

"कसा आहेस?" एवढ्यावर "बरा आहे" असेच उत्तर मिळते. त्यापेक्षा 5 किलोमीटरची धाव आणि दोरखंडावरची चढाई कशी चालली आहे, फायरिंग सुरू झाले का, असे नेमके विचारावे. नडगीतील किंवा पायातील दुखण्याबद्दल तर आवर्जून विचारावे. मागच्या तुकडीत टाकले जाण्याच्या भीतीने अनेक मुले हे दुखणे लपवतात. परंतु हाडाला आलेली बारीक चीर वेळीच दाखवली नाही, तर विश्रांतीचा काळ आणखी लांबतो. एमआय रूममध्ये (सेंटरमधील वैद्यकीय तपासणी कक्षात) जाणे हा कमकुवतपणा नव्हे, हे त्याला वडिलांनी किंवा आईने स्वतःच्या तोंडून सांगितले, तर त्याचा संकोच कमी होण्याची शक्यता अधिक असते.

गणवेशातील किंवा सेंटरच्या आवारातील छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकू नयेत. "तुमचा मुलगा जखमी आहे, पैसे पाठवा" असा अनोळखी फोन आल्यास आधी सेंटरशी संपर्क साधावा. त्यासाठी रुजू होतानाच त्याचा आर्मी नंबर, कंपनी आणि सेंटरचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा.