शेतीवरच्या ब्लॉगचे उत्पन्न आणि शेतकरी कुटुंबाचा प्राप्तिकर

विदर्भातल्या गावांत कपाशी, तूर किंवा संत्र्यावर ब्लॉग लिहिणाऱ्यांमध्ये एक समजूत हमखास आढळते: शेतीला कर नाही, म्हणून शेतीवर लिहून मिळालेल्या पैशालाही नाही. ही समजूत आधी काढून टाकावी. कायद्याने करमुक्त ठेवले आहे ते शेतजमिनीतून निघालेले उत्पन्न, म्हणजे पिकाची विक्री किंवा ठेक्याने दिलेल्या वावराचा मोबदला. गुलाबी बोंडअळीवरील लेखाशेजारी झळकलेल्या जाहिरातीचा पैसा वावरातून आलेला नसतो, लेखनातून आलेला असतो. आणि लेखन नियमितपणे चालत असेल तर तो धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न म्हणूनच दाखवावा लागतो.

त्यासाठी या पैशाचे बँक खाते वेगळे ठेवावे. कापसाचे चुकारे आणि जाहिरातीचे पैसे एकाच खात्यात पडत गेले, की वर्षअखेरीस कोणता आकडा कशाचा हे सांगणे कठीण होते. खाते वडिलांच्या नावाचे आणि लिहिणारा मुलगा, अशी सोयही टाळावी, कारण कर कमावणाऱ्याने भरायचा असतो आणि कापलेला कर ज्याच्या पॅनवर जमा झाला त्याच्याच खाती दिसतो. वहीत तारीख, देणारा, रक्कम आणि कापलेला कर एवढे चार रकाने पुरतात. खर्चाच्या बाजूला डोमेन, होस्टिंग, इंटरनेटचे रिचार्ज आणि लॅपटॉपचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) धरता येतो. मात्र घरातले सगळेच वापरतात तो मोबाईल पूर्णपणे ब्लॉगच्या नावावर टाकू नये.

रोख रकमेऐवजी वस्तू मिळाली तर तिचीही किंमत उत्पन्नात येते. एखाद्या कंपनीने परीक्षण लिहिण्यासाठी बॅटरीवरचा फवारणी पंप दिला आणि तो परत घेतला नाही, तर त्याची बाजारभावाने किंमत मांडावी. अशा लाभांचे मूल्य वर्षात २०,००० रुपयांवर गेले, की कंपनीने १० टक्के कर कापणे अपेक्षित असते. पण कर कापला गेला नाही म्हणून उत्पन्न नाहीसे होत नाही.

आता शेती आणि ब्लॉग एकत्र कसे येतात ते पाहू. येथील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे आहेत. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून आणि इतर उत्पन्न ४ लाखांहून अधिक असेल, तर शेतीचे उत्पन्न करमुक्तच राहते, पण दर ठरवण्यापुरते मोजले जाते. समजा, शेतीचे ३ लाख आणि ब्लॉगचे खर्च वजा जाता ५ लाख आहेत. दोन्ही मिळून ८ लाखांवर कर २०,००० होतो. शेतीचे ३ लाख अधिक सूट मर्यादेचे ४ लाख, अशा ७ लाखांवर १५,००० होतो. फरक ५,००० रुपयांचा, तोच देय कर. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे तोही सवलतीत माफ होतो. विवरणपत्र मात्र भरावेच लागते.

विवरणपत्राचा कोणता नमुना (आयटीआर) भरावा, येथे बरेच जण घसरतात. उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने, म्हणजे बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के, नफा दाखवण्याची योजना सोपी वाटते आणि तिच्यासाठी आयटीआर-४ सुचवला जातो. पण शेतीचे उत्पन्न ५,००० च्या वर असल्यास तो नमुना चालत नाही. आयटीआर-३ घ्यावा लागतो. शिवाय ब्लॉगवर दिलेल्या वस्तूंच्या दुव्यांवरून खरेदी झाल्यास मिळणारे कमिशन त्या योजनेत बसत नाही. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर असेल, तर जिल्हा, एकर, जमीन स्वतःची की ठेक्याची आणि ओलिताची की कोरडवाहू हेही लिहावे लागते, म्हणून सातबारा जवळ घेऊनच बसावे.

विवरणपत्र भरण्याआधी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरील २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहिती विवरण (वर्षभरातल्या व्यवहारांची नोंद) आपल्या वहीशी ताडून पाहावे. कापलेला कर वजा जाता देय कर १०,००० किंवा त्याहून अधिक येत असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत हप्त्यांनी आगाऊ कर भरावा. ठरावीक टक्क्यांची योजना घेतलेल्यांना १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो.